कनेक्शन त्याच्या नावावर, हक्क तिचाही

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



या शिबिरात हिंसा, पोटगी, रेशन या विषयांनंतर गॅस आणि वीज हा विषय ठेवला आहे. बिलाची भांडणं ही काय बायकांच्या चळवळीची बाब, असं कुणाला वाटेल. पण आपल्याकडे येणाऱ्या बायकांचे अर्ज काढून बघा. ‘नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि इथलं वीजबिल भरणं बंद केलं.’ ‘सासऱ्यांनी माझ्या खोलीचा फ्यूज काढून नेला.’ ‘गॅसचं पुस्तक दिराकडे आहे, टाकी तोच उतरवून घेतो.’ मारहाणीची हकीगत लिहून घेताना हे आपण एका ओळीत उरकतो. बाईला घराबाहेर काढायचा हा अगदी बिनबोभाट मार्ग आहे. हात उगारावा लागत नाही, शेजारी जमत नाहीत. पोरं अंधारात आणि शेगडी बंद. चार दिवसांत ती आपणहून माहेरची वाट धरते.

ती वीज कंपनीच्या किंवा गॅस एजन्सीच्या ऑफिसात गेली, की पहिला प्रश्न येतो, ‘कनेक्शन कुणाच्या नावावर?’ ते तिच्या नावावर नसतं. ती परत फिरते, आणि कधी कधी तिच्यासोबत आपणही परत फिरतो. आज मला सांगायचं आहे ते हे, की कायदा या प्रश्नापाशी थांबत नाही. तो आणखी एक प्रश्न विचारतो: त्या घरात राहतं कोण, आणि सेवा वापरतं कोण?

आधी वीज. विद्युत कायदा, २००३ चं कलम ४३ म्हणतं, की जागेच्या मालकानं किंवा भोगवटादारानं अर्ज केला तर महिन्याच्या आत वीज द्यायची. भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष राहणारा किंवा राहणारी. नवी लाइन टाकावी लागत नसेल तर केंद्र सरकारच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत, २०२४ च्या दुरुस्तीनंतर, मुदत आणखी कमी आहे: महानगरांत ३ दिवस, इतर शहरांत ७ आणि ग्रामीण भागात १५. २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालक ना-हरकत पत्र देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच कंपनीनं बघायचं. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार घरमालकानं भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडणं हा गुन्हा आहे. भाड्याच्या खोलीत एकटी राहणाऱ्या कितीतरी जणींना हे ठाऊक नसतं.

वीज तोडण्याचेही नियम आहेत. कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरायची. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मात्र जागेवर जुनी थकबाकी असेल तर कंपनी ती नव्या अर्जदाराकडे मागू शकते. म्हणून नवऱ्यानं बिल थांबवल्याचं कळलं, की थकबाकी साचू न देता लगेच हालचाल करा.

याच कायद्यात एक कलम आहे, त्यावर आपण मुद्दाम बोलायला हवं. वीजचोरीच्या संशयावरून झडती घेण्याबद्दल कलम १३५ सांगतं, की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरातला प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय राहत्या घराची तपासणी, झडती किंवा जप्ती करता येत नाही. वस्तीतल्या प्रत्येक बाईला हे माहीत हवं. रात्री पथक आलं आणि घरात पुरुष नसेल, तर तिनं ‘सकाळी या’ म्हणावं. तो तिचा हक्क आहे. दिवसा आले तर जप्त वस्तूंची यादी मागावी, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. पण कायद्याची भाषाही बघा. वीस वर्षं घर चालवणारी बाई दारात उभी असली, तरी कायद्याच्या लेखी त्या घरात जबाबदार माणूस हजर नसतो. संरक्षण हवंच, पण ‘प्रौढ पुरुष’ या शब्दांत नको. ही दुरुस्ती आपल्या मागण्यांत यायला हवी.

आता गॅस. सरकारी गॅसपुरवठ्याच्या नियमांत कुटुंब म्हणजे एका घरात, एका सामाईक स्वयंपाकघरात राहणारे नवरा, बायको, अविवाहित मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील. याचा अर्थ आपल्या टाकलेल्या बहिणीसाठी मोठा आहे. चूल वेगळी झाली, की नवऱ्याच्या नावावर कनेक्शन आहे हे तिला नकार देण्याचं कारण उरत नाही. एजन्सीनं नकार दिला तर तो लेखी मागा. पत्त्याचा पुरावाच नसेल तर पाच किलोची छोटी टाकी पुराव्याशिवाय मिळते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतलं कनेक्शन प्रौढ स्त्रीच्याच नावावर दिलं जातं. पण मोबाइल नंबर नवऱ्याचा असेल तर टाकी घेण्याचा कोडही त्याच्याकडेच जातो. नंबर बदलून घ्या. घरपोच आलेली टाकी वजन करून घेणं हाही हक्कच: आत १४.२ किलो गॅस हवा, आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच कोरलेलं असतं. शेगडी एजन्सीकडूनच घेण्याची सक्ती नाही. गळतीसाठी १९०६ हा नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहिलेला असावा.

दाद कुठे मागायची? नवरा किंवा सासरचे वीज-गॅस तोडत असतील तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ वापरा. राहत्या घरातल्या सोयी अडवणं हा त्या कायद्यात आर्थिक छळ आहे. कलम १२ खाली अर्ज करताना कलम १९ खाली निवासाचा आदेश आणि कलम २३ खाली तातडीचा अंतरिम आदेश मागा, आणि त्यात ‘वीज व गॅस चालू ठेवावा’ हे शब्द घालायला विसरू नका. न मागितलेलं सहसा मिळत नाही.

तक्रार वीज कंपनीविरुद्ध असेल तर आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग दोन वर्षांच्या आत ग्राहक तक्रार निवारण मंच. मंचाचा आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे जाता येतं. गॅस एजन्सीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘ग्राहक’ म्हणजे पैसे भरणारा, तसाच त्याच्या संमतीनं सेवेचा लाभ घेणाराही. म्हणजे नाव नवऱ्याचं असलं तरी तिला तक्रार करता येते, राहत्या जिल्ह्यात आणि वकिलाशिवाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

परत गेल्यावर दोन कामं करू या. केंद्रातल्या अर्जाच्या नमुन्यात तीन प्रश्न वाढवू: वीज कुणाच्या नावावर, गॅस कुणाच्या नावावर, मोबाइल नंबर कुणाचा. आणि प्रत्येक बाईला सांगू, की बिलं आणि पावत्या जपून ठेव. ती तिथे राहते याचा पुरावा तोच असतो. नाव कुणाचंही असो, त्या घरात दिवा लावणारी आणि भाकरी भाजणारी तीच आहे, आणि हे ऑफिसात ठामपणे सांगायला आपण तिच्यासोबत असलं पाहिजे.