सूक्ष्म खुंट्यांचा पहारा

दिल्लीच्या उत्तरेकडील खडकाळ टेकडीवर हिंदुराव रुग्णालय उभे आहे. ज्यांचे नाव त्याला लाभले ते हिंदुराव कागलकर घाटग्यांच्या कुळातील, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने येथे बांधलेला वाडा, १८३५ साली त्याचा खून झाल्यानंतर, हिंदुरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात हाच वाडा इंग्रजांचे प्रमुख ठाणे होता. शहरातून होणारा तोफांचा भडिमार त्याने सोसला. परंतु टेकडीवरील फौजेचा सेनापती बर्नार्ड ५ जुलै रोजी मरण पावला तो तोफेच्या गोळ्याने नव्हे, पटकीने. डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूपुढे तटबंदी व्यर्थ ठरली.

त्या शत्रूशी चाललेला झगडा अद्याप संपलेला नाही. प्रतिजैविक औषधे आली तेव्हा विजय हाती आल्यासारखे वाटले. पण जंतूंनी त्या विषांवर उतारे शोधले. अशाच एका उताऱ्याला २००९ साली नव्या दिल्लीचे नाव मिळाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे जनुक दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, तर नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत आढळले. मोडलेल्या हाडाला बसविलेल्या धातूच्या पट्टीवर असे जंतू थर करून बसले, की औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पुष्कळदा पट्टीच काढावी लागते आणि रुग्णाच्या वाट्याला पुन्हा शस्त्रक्रिया येते.

मग विषावाचून जंतू मारता येतील काय? याचे उत्तर एका किड्याच्या पंखावर मिळाले. झाडावर बसून कर्कश किरकिरणाऱ्या सिकाडाच्या पंखावर मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातील एलेना इवानोव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांना खुंट्यांच्या दाट रांगा दिसल्या. प्रत्येक खुंटी सुमारे २०० नॅनोमीटर उंच. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २०१२ साली त्यांनी दाखविले, की त्यांवर बसलेला स्यूडोमोनास जंतू काही मिनिटांतच मरतो. पंखावर सोन्याचा पातळ मुलामा चढवूनही परिणाम कायम राहिला. म्हणजे हा गुण पंखातील एखाद्या रसायनाचा नव्हे, त्याच्या घडणीचा होता.

पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना अडविणारे अणकुचीदार खिळे आहेत, त्यांचे येथे स्मरण होते. मात्र कार्य निराळे आहे. खुंटी जंतूला भोसकीत नाही. जंतू खुंट्यांना चिकटतो, त्याचे आवरण दोन खुंट्यांमधील पोकळीत ताणले जाते, आणि ताण असह्य झाला की फाटते. ज्यांची भिंत जाड आहे असे जंतू सिकाडाच्या पंखावर तग धरतात; पण २०१३ साली चतुराचा पंख व त्याच धर्तीवर कोरलेले काळे सिलिकॉन यांनी त्यांनाही मारल्याचे प्रसिद्ध झाले.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कौशिक चॅटर्जी व सहकाऱ्यांनी टायटॅनियमवर असे सूक्ष्म काटे कोरून २०१७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही जातींचे बहुतेक जंतू काही तासांतच मेले. माणसाच्या पेशी मात्र त्याच धातूवर वाढत राहिल्या. हाडात बसवावयाच्या वस्तूला दोन्ही गोष्टी हव्या असतात.

अडचणी आहेतच. मेलेल्या जंतूंचा गाळ साचून खुंट्या बुजतात, घर्षणाने मोडतात, आणि मोठ्या पृष्ठभागावर त्या स्वस्तात कोरणे कठीण आहे. हात धुणे व उपकरणे निर्जंतुक करणे यांतून कोणाचीही सुटका नाही. तरीही लाभ मोठा आहे. विषावर उतारा शोधणाऱ्या जंतूला अंगच फाडणाऱ्या ताणापासून बचाव शोधणे तितके सोपे नाही. प्रयोगशाळेतील तो काळा धातू महापालिकेच्या रुग्णालयातील गरीब रुग्णाच्या हाडापर्यंत पोहोचेल, तेव्हाच या शोधाचे सार्थक होईल.