गायनवृंदाच्या कागदावरील आकडे
(महोत्सवाच्या पूर्वतयारीत गायनवृंदापुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या मिस्सेत गावयाची गीते आपण स्वरलेखनासह हाताने उतरवून घेत आहात. त्यांतील प्रत्येक बाराला कोणता आकडा घालावा, याविषयी चार शब्द सांगतो. बाब क्षुल्लक दिसते. परंतु आकडे जुळले नाहीत म्हणजे तालमीत गोंधळ होतो आणि बोल लागतो तो एखाद्या वृद्ध गायकाला किंवा नवख्या मुलीला. वस्तुतः दोष कंठाचा नसून कागदाचा असतो.

उदाहरण घ्या. आठ बारांचा पहिला भाग दोनदा गावयाचा आहे. आठवा बार हा पहिल्या खेपेचा शेवट. दुसऱ्या खेपेस त्याच्या जागी गावयाचा निराळा शेवट पुढे लिहिला आहे. एकजण कागदावरील सर्व बार ओळीने मोजतो. त्याचा नवा भाग १० पासून. दुसरा त्या दोन शेवटांना '८ अ' व '८ ब' म्हणतो. त्याचा नवा भाग ९ पासून. तिसरा गाइलेले बार मोजतो. त्याचा १० वा बार म्हणजे पुनरावृत्तीतील दुसरा! आता पेटीवाल्याने 'दहापासून' म्हटले, तर तिघे तीन ठिकाणांहून आरंभ करतील.

देशी संगीताकडे पाहा. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत त्रितालाच्या १६ मात्रांखाली समेला ×, खालीला ० व इतर टाळ्यांना २ आणि ३ अशा खुणा असतात. स्थायी कितीही वेळा आळवा, सम ती समच. नाशिकात रामनाम आधार आश्रम चालविणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या लिपीतील खुणा निराळ्या, तत्त्व तेच. खूण जागा दाखविते, फेरा नव्हे.

म्हणून आपणही लिहिलेला बार एकदाच मोजावा. पुनरावृत्तीस नवे आकडे नकोत. दोन शेवटांना '८ अ' व '८ ब' म्हणावे. आरंभीचे अपुरे स्वर मोजू नयेत. फेरा सांगणे असल्यास 'दुसऱ्या खेपेचा ५ वा' असे म्हणावे. छापील प्रतीत आकडे असतील तर तेच सर्वांनी उतरवावेत. ग्रेगोरियन गीतांत असे मोजीव बार नसतात. तेथे शब्दावरून जागा सांगावी.

आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी प्रत्येकाने आपला कागद शेजाऱ्याच्या कागदाशी ताडून पाहावा. उद्याच्या तालमीत कोणालाही विनाकारण मान खाली घालावी लागू नये, एवढीच विनंती.