लाकूड फुगते, नेम चुकतो

पावसाळ्यात घराचे दार चौकटीत अडकते, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. ओल लागली की लाकूड फुगते, उन्हाळ्यात ते पुन्हा आटते. दारावर आपण रंधा मारतो आणि विसरून जातो. पण हेच लाकूड रायफलीच्या नळीखाली असले तर काय होते?

१९६६ साली अमेरिकेच्या मरीन सैन्याने व्हिएतनामच्या युद्धासाठी लांब पल्ल्याची एक रायफल स्वीकारली. ती मुळापासून नवी घडवलेली नव्हती. रेमिंग्टन कंपनीची ‘७००’ ही शिकारीची रायफल १९६२ पासून बाजारात होती, तिच्यावरच ती बेतलेली होती. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. तिकडचा पाऊस आणि दमट हवा त्या लाकडात मुरली, दस्ता फुगला, वाकला आणि नळीला रेटू लागला. कालचा जमवलेला नेम आज चुकू लागला. ज्याचा जीव त्या रायफलीवर अवलंबून, त्याला ही गोष्ट केवढ्याला पडत असेल!

पुढे १९७० नंतरच्या दशकात व्हर्जिनियातील क्वांटिको येथे सैन्याच्याच कारागिरांनी ती रायफल सुधारली. लाकूड काढून काचतंतूंचा दस्ता बसवला, कारण त्याला ओल बाधत नाही. नळी वजनदार घेतली आणि वर दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण चढवली.

आता त्यामागचे शास्त्र पाहू. खेड्यातल्या पुष्कळ शाळांत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असतो. मोकळा टांगला तर तो खणखणीत वाजतो. हाताने धरून ठोका दिला तर आवाज बद्द येतो. रायफलीची नळीही अशीच आहे. बार उडाला की ती थरथरते. थरथर प्रत्येक वेळी सारखी असेल तर गोळ्या जवळजवळ एकाच जागी जातात. लाकूड आज इथे टेकले, उद्या तिथे, असे झाले की थरथर बदलते आणि गोळ्या विखुरतात.

म्हणून पहिली सुधारणा बैठकीची. नळी मागे ज्या पोलादी भागात घट्ट बसवलेली असते, तो भाग दस्त्यात जराही हलता कामा नये. त्यासाठी लाकूड थोडे कोरून तिथे इपॉक्सीचा लेप भरतात. तो वाळला की पोलादाचा ठसा हुबेहूब उमटतो आणि बैठक पक्की होते. त्याच्या पुढची नळी मात्र कुठेही दस्त्याला टेकू द्यायची नाही. तपासणी सोपी आहे: नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवावी. ती विनाअडथळा मागपर्यंत गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट नळीच्या तोंडाची. नळाच्या तोटीची कड एका बाजूला फुटली असेल तर पाण्याची धार तिरपी पडते, हे आपण पाहतो. गोळी बाहेर पडताना मागचा वायूही असाच सुटतो. कडेला खरचटलेले असेल तर तो एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. ही कड कातून साफ व सारखी करतात.

तिसरा चाप. तो जड किंवा खरखरीत असेल तर ओढताना हात हलतो. म्हणून तो मऊ करतात. पण फाजील हलका चाप धक्क्यानेसुद्धा सुटतो, आणि मग अपघात होतो. काडतुसेही एका जातीची, एका वजनाची घ्यावी लागतात, कारण दारू कमीजास्त झाली की गोळीचा वेग बदलतो.

सुधारणा झाली की नाही, हे मोजायचे कसे? शिक्षक मंडळींना हे फळ्यावर मांडता येईल. वर्तुळाचे ३६० अंश, आणि अंशाचे ६० भाग, म्हणजे एकूण २१,६०० मिनिटे. शंभर यार्ड त्रिज्येचे वर्तुळ घेतले तर एका मिनिटाला परिघावर एक इंचाहून किंचित जास्त अंतर येते. हजार यार्डांवर तेच साडेदहा इंच होते. जवळ जी चूक बोटाएवढी, ती दूर गेल्यावर वितीहून मोठी!

मोजताना दोन पथ्ये पाळायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची; नाहीतर गुण कशाचा, हे कळत नाही. आणि दोन-तीन गोळ्या जवळ पडल्या म्हणून हुरळून जायचे नाही. नशिबानेही तसे घडते. पुष्कळ गोळ्या झाडून त्या किती विखुरतात ते पाहायचे.

एवढे करूनही हजार यार्डांवर वारा आपला हिशेब मांडतोच. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीसच्या जातीच्या साधारण गोळीला सुमारे सात फूट बाजूला नेतो. शंभर यार्डांवर नेम बांधलेली तीच गोळी तिथे तीस फुटांहून अधिक खाली येते. रायफल सुधारली म्हणून वारा सुधारत नाही! म्हणूनच जाणते शिकारी फार दूरच्या जनावरावर गोळी झाडत नाहीत. कागदावरची चूक कागदावर राहते. जनावरावरची चूक ते बिचारे रानात दिवसभर ओढत फिरते.

आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीला परवाना लागतोच, पण तिची दुरुस्ती किंवा फेरफार करायलाही वेगळा परवाना लागतो. तेव्हा घरी कुणी हे प्रयोग करू नयेत. या विद्येला आपल्याकडे योग्य जागा आहे ती नेमबाजीच्या मैदानावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचे असते. तिथेही कस लागतो तो याच गोष्टींचा: पक्की बैठक, मऊ चाप, सारखी काडतुसे आणि स्थिर श्वास.

नळी मोकळी, बैठक पक्की, मोजमाप खरे, आणि आपल्या हाताची मर्यादा आपल्याला ठाऊक. यांतली शेवटची गोष्ट कोणत्याही कारखान्यात बसवून मिळत नाही, ती सरावानेच येते. मुलांना शाळेत शिकवताना गुरुजींनी ही गोष्ट विशेष सांगावी, एवढी विनंती करतो.