कावेरीच्या मुखावरील पुहार

कावेरी जेथें बंगालच्या उपसागरास मिळते, तेथें पूंपुहार नांवाचें कोळ्यांचें एक गांव आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं चोळ राजांचें मोठें बंदर येथेंच होतें. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानें 'खबेरिस' म्हणून त्याची नोंद केली. कण्णगीची कथा ज्यांस ठाऊक आहे, त्यांस तिचें माहेर व सासर याच नगरांतील व्यापारी घराण्यांत होतें हें स्मरत असेल.

'पट्टिनप्पालै' हें प्राचीन तमिळ काव्य म्हणजे या बंदराचें जणूं आवकजावक-पत्रकच. समुद्रमार्गानें आलेले घोडे, मिऱ्यांचीं पोतीं, उत्तरेकडील पर्वतांतील सोनें व रत्नें, पश्चिमेकडील डोंगरांतील चंदन व अगरु, दक्षिण समुद्रांतील मोतीं, पूर्व समुद्रांतील पोंवळीं, सिंहलद्वीपांतील खाद्यपदार्थ, गंगेच्या खोऱ्यांतील माल—सारें तेथें आहे. गांठोड्यांवर चोळांची वाघाची मुद्रा उठे आणि राजाचे जकातदार डोळ्यांत तेल घालून पहारा करीत. जकात चुकविण्याची विद्या तेव्हांही लोकांस अवगत असावी. नाहीं तर इतका कडक पहारा कशास?

पण कवीच्या वर्णनावर कितपत भिस्त ठेवावी? मिठाच्या मोबदल्यांत भात भरून आणलेल्या होड्या खुंटांना घोड्यांसारख्या बांधलेल्या असत, असें याच काव्यांत आहे. कोणासही ही केवळ उपमेची हौस वाटेल. परंतु १९६० नंतरच्या दशकांत जवळच कीळैयूर येथें उत्खनन झालें, तेव्हां विटांचा एक धक्का सांपडला. त्याच्याजवळ ताडाचे खुंट रोवलेले होते! किरणोत्सर्गी कर्बाच्या परीक्षेवरून त्या लांकडाचा काळ इ. स. पूर्वीं तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमाराचा ठरला.

नगराच्या अंताविषयीं 'मणिमेखलै' काव्य सांगतें कीं, पुत्रशोकांत राजा इंद्रोत्सव विसरला आणि समुद्रानें नगर गिळलें. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनीं येथील समुद्रतळ धुंडाळला आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यांत विटांचीं बांधकामें व मातीच्या कड्यांच्या विहिरी आढळल्या. म्हणजे पूर्वींची वस्ती निदान कांहीं अंशीं लाटांखालीं गेली, हें खरें. एका दिवसांत कीं शतकानुशतकें, हा प्रश्न उरतो. सुमारें २३ मीटर खोलीवरील दगडी रचनांच्या वयाविषयीं तर पंडितांत तीव्र मतभेद आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीच्या लाटा याच किनाऱ्यावर चढल्या. तेव्हां पूंपुहार ज्या नागपट्टिनम् जिल्ह्यांत होतें, त्या एकाच जिल्ह्यांत सहा हजारांवर माणसें मेलीं.