शेकोटी, बंब आणि खताचा ढीग

ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरंच कापलंय, तरी थोडं उरलं असेलच.

मी पुण्यात कोड लिहितो, पण घर निफाड तालुक्यातलं. थंडीची बातमी आली की टीव्हीवर ज्या गावाचं नाव हमखास येतं ना, तिथलं. पारा फारच घसरला की आमच्याकडे द्राक्षबागांतसुद्धा पहाटे शेकोट्या पेटतात, वेलींना आणि मण्यांना गारठा बाधू नये म्हणून. घरामागे अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब असतो, आणि त्याच्या पलीकडे उकिरडा. हिवाळ्यात या दोघांचं भांडण असतं. पाला, काटक्या, शेण हे सगळं बंबालाही हवं आणि खड्ड्यालाही. शेणाची गोवरी थापली की ते जळणात गेलं, खतात नाही.

हे भांडण जुनं आहे. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी म्हणूनच कमी शेणात भरपूर खत होईल अशी पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असं विटांचं टाकं, आणि हवा खेळावी म्हणून भिंतींना भोकं. सुमारे 1400 किलो काडीकचऱ्याला शेण फक्त 100 किलोच्या आसपास. मला विचाराल तर हे अस्सल इंजिनिअरिंग आहे. जे कमी आहे ते वाचवायचं, जे भरपूर आहे त्याच्यावर काम चालवायचं.

आता शहरात या. डिसेंबरमध्ये पानगळ सुरू होते, झाडूवाल्या मावशी ढीग लावतात आणि संध्याकाळी कुणीतरी काडी ओढतं. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार असते. त्यामुळे धूर वर जातच नाही, पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशी रेंगाळतो. दमा असलेल्या माणसाला विचारा जानेवारी कसा जातो ते. शिवाय पाला जाळला की त्यातला नत्र धुराबरोबर निघून जातो. राखेत पालाश आणि चुना उरतो, बस्स.

आमच्या सोसायटीत यावरूनच ग्रुपवर जुंपली. रात्रपाळीचे वॉचमन काका पाला पेटवायचे, वर दुधाच्या पिशव्या टाकायचे. एकाने लगेच राष्ट्रीय हरित लवादाचा 2016चा आदेश टाकला: उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000. दुसरा म्हणाला, काकांच्या पगारातून कापा. हे वाचून मी खाली गेलो आणि काकांना सांगितलं की उद्यापासून पाला आम्ही खताला नेणार. ते म्हणाले, "न्या की दादा. पण मग मी शेकू कशावर?"

ग्रुपवरच्या दीडशे मेसेजमध्ये हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. केबिनला दार नव्हतं, रात्री तापमान 10 अंशांवर. प्लास्टिकचा विषारी धूर सगळ्यात आधी त्यांच्याच छातीत जात होता. मीटिंगमध्ये आम्ही मागणी लावून धरली: आधी दार, जाड जॅकेट, छोटा इलेक्ट्रिक हीटर, मग नियम. एका काकूंनी कोळशाची शेगडी देऊ केली. भावना चांगली, पण बंद खोलीत शेगडी कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. हीटर मंजूर झाला.

मग पाला मोकळा झाला. पुण्यात अदिती देवधर यांच्या 'ब्राउन लीफ'ने पाला नकोसा असलेल्यांना आणि हवा असलेल्यांना जोडून दिलंय, त्यामुळे तुमच्याकडे जागा नसली तरी अडत नाही. आमच्याकडे मागच्या भिंतीशी जागा होती.

थंडीत खत होत नाही, असं बरेच जण सांगतात. गच्चीवरच्या बादलीपुरतं ते बरंचसं खरं आहे, कारण बादली स्वतःची ऊब धरू शकत नाही. ढीग किमान 3 फूट लांब, रुंद आणि उंच असला तर आतले जिवाणू स्वतःच तापमान 55-60 अंशांपर्यंत नेतात. दोन-तीन टोपल्या सुका पाला, एक टोपली ओला कचरा. पाला चुरडून टाका, भाजीची देठं बारीक चिरा. विरजण म्हणून शेणकाला किंवा आंबट ताक. ओलावा मुठीत दाबून बघायचा: हात ओला व्हावा, पण धार लागू नये. वरून गोणपाट. आणि सारखं ढवळू नका, दर वेळी ऊब उडते. आठवड्यातून एकदा पुरे.

राख? लाकडाची असेल तर थराला एखादी मूठ, तीही भुरभुरून. जास्त झाली तर ढीग अल्कधर्मी होतो, अमोनियाचा वास सुटतो, म्हणजे वाचवलेला नत्र परत हवेत. कोळशाची, प्लायवुडची किंवा प्लास्टिक जाळलेली राख अजिबात नको.

ढीग चालू आहे का हे बघायला ॲप लागत नाही. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढून हात लावा. आमच्याकडे हे काम काकांनी आपणहून घेतलंय. गावाकडे उकिरडा सांभाळलेला माणूस तो, परवा मला म्हणाले, "दादा, सळई गार लागतीय, हिरवं कमी पडलं." बरोबर होतं. मी एक्सेलमध्ये तापमान लिहीत होतो, त्यात हे दोन दिवसांनी दिसलं असतं.

मागच्या गेटच्या केबिनला मात्र अजून दार नाही. रविवारी मीटिंग आहे. तोवर तिथल्या दादांसाठी छाटणीच्या सुक्या फांद्या ठेवतोय. ओलसर पाल्यापेक्षा त्या कमी धुरतात. प्लास्टिक नाही, एवढंच त्यांच्याशी ठरलंय.

तुमच्या गेटवर रात्री काय जळतं, व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.