वीज गेली तरी बोलता यावं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



गच्चीवरची माझी अँटेना बघून मुलं विचारतात, "काका, मोबाईल असताना हे कशाला?" 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. वीज गेली, फोन लागेनासे झाले. अशा वेळी परवानाधारक हॅम एका सेटवरून दुसऱ्या सेटशी थेट बोलू शकतो. मात्र त्याच्या सेटला वीज हवी!

सेट बंद पडला की आपण सेटलाच दोष देतो. आधी वीजपुरवठा तपासावा. 100 वॅटचा सेट नुसता ऐकताना एक-दीड अँपिअर घेतो. बोलायचं बटण दाबलं की 20 अँपिअरच्या आसपास. म्हणून ऐकू छान येतं आणि बोलायला गेलं की सेट बंद! व्होल्टेज मोजायचं ते बोलत असताना आणि सेटच्या टोकाशी. अडीच चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरीवर एवढी घट परवडत नाही. वायर जाड आणि आखूड हवी, जोड घट्ट हवेत, फ्यूज बॅटरीजवळ हवा.

दुसरा त्रास खरखरीचा. सेट बॅटरीवर लावून घराचा मेन स्विच बंद करायचा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जायचं. नाही थांबली तर बाहेर शोधायचं. आपल्याकडे ती जिन्यातल्या एलईडी दिव्यांची निघाली. कमिटीने दिवे बदलून दिले, त्याबद्दल मनापासून आभार.

तिसरी गोष्ट नेटवर्कची. हातातला छोटा सेट लांब पोचतो तो उंचावरच्या रिपीटरमुळे. रिपीटरची वीज गेली की सगळेच गप्प. त्यामुळे रिपीटरशिवाय थेट बोलायची फ्रिक्वेन्सी आपसात आधीच ठरलेली हवी.

एकच विनंती आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी माझी केबल कापू नका, आधी हाक मारा. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मेन स्विच बंद करून दहा मिनिटं सेट चालवतो, तेव्हा मुलांना जरूर पाठवा. संकटाच्या दिवशी दुरुस्तीला वेळ मिळत नाही. ती आजच करून ठेवायची असते.