बंबात गेलेली दप्तरे
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



चार शब्द बोला म्हटल्यावर मी लोणच्यापापडाविषयी बोलेन असे पुष्कळजणींना वाटले असेल. पण आज मला माझी एक चूक सांगायची आहे.

माझ्या सासऱ्यांचे पणजोबा भातागवताचा व्यापार करीत. माळ्यावर त्यांची लाल फडक्यात बांधलेली दप्तरे होती. रोजकीर्द, खतावणी आणि पत्रांचा एक गठ्ठा. सारे मोडीत, घरात कोणालाच वाचता येईना. लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत साफसफाई करताना मी ती बंबात घातली. पाणी मात्र छान तापले! डब्याच्या तळाशी घातलेले एकच पत्र वाचले.

असल्या कागदांची किंमत मला तारापूरच्या पेढीची हकीकत ऐकल्यावर कळली. आपल्या शेजारच्या तारापूरचे पेस्तनजी आणि विकाजी मेहेरजी हे पारशी बंधू. १८२५-२६ साली पाचशे बैलांवर लादून वऱ्हाडचा कापूस त्यांनी मुंबईस आणला. पुढे हैदराबादेस सावकारी केली. त्यांच्या नावाचा पेस्तनशाही रुपयासुद्धा चालत होता. शेवटी निजामाकडचे कर्ज वसूल होईना आणि एवढी मोठी पेढी बसली. आता पाहा, कापूस बैलावर जाई, पण पैसा जाई हुंडीवर. हुंडी केल्याचे पत्र आधी पोचले नाही, तर समोरचा सावकार पैसे कसे मोजणार? सारा व्यापार पत्रावर उभा!

आणि पत्र स्वस्त नव्हते. पूर्वी सावकारांची स्वतःची महाजनी डाक असे. १८३७ च्या कायद्याने टपाल नेण्याचा हक्क कंपनी सरकारने आपल्याकडे घेतला. तेव्हा तिकीट नव्हते, वजन आणि अंतर पाहून पैसे घेत. मुंबई-कलकत्ता एक तोळ्याच्या पत्राला रुपया पडे. म्हणून कागद पातळ, अक्षर बारीक, लखोटा नाहीच. पत्रच घडी घालून चिकटवायचे आणि पाठीवर पत्ता. १८५४ च्या ऑक्टोबरात तिकिटे आली आणि पाव तोळ्याला कोठेही अर्धा आणा झाला. तोळ्याला दोन आणे. सोळा आण्यांचे दोन आणे म्हणजे केवढा फरक, हे घरखर्च लिहिणारीला सांगायला नको.

माझे वाचलेले पत्र मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी वाचून दाखविले. वर भाताचा भाव आणि उधारी. खाली कागद संपता संपता दोनच ओळी : सुनेस दिवस गेले आहेत, अन्न पोटात ठरत नाही, कोकमे पाठवावी. ऐकताना माझे डोळे भरून आले. जमाखर्चाच्या वहीत बाईचे नाव कशाला येईल? ती सापडली तर असल्या पत्राच्या तळाशीच. बंबात अशा किती गेल्या असतील!

ती सून कोणती, हेही आता कळायचे नाही. पत्रात नुसता महिना आणि तिथी आहे. साल टपालाच्या शिक्क्यावर असणार. पण आमच्याच घरातल्या कोणा मुलाने वहीत चिकटविण्यासाठी तिकीट कापले, त्याबरोबर शिक्काही गेला. तेव्हा मुलांना तिकिटे जमवू द्या, पण जुन्या पत्राला कात्री लावू देऊ नका.

तुमच्या माळ्यावर असे गाठोडे असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी मंडळात आणा. गुरुजी शनिवारी दुपारी वाचून द्यायला तयार आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असले कागद १९१० पासून जपले जात आहेत, तिकडेही विचारता येईल.

माझे पत्र मी पिशवीतून आणले आहे. चहा झाल्यावर पाहा, हात मात्र कोरडे असू द्या.